शालनचं परमिट

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी हिंदुराव मोहिते कुटासाठी शेंगदाणे भाजत होता. शालनला जाऊन आठ महिने झाले होते आणि तेवढ्या काळात त्याला दोनच गोष्टी नीट करता यायला लागल्या होत्या, पिठलं आणि शेंगदाण्याचा कूट. फोन ओट्यावर, तिखटाच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता.

"संशोधन केंद्राकडून पत्र आलं आहे," फोनमधली बाई म्हणाली. "इंग्रजीत आहे. मराठीत वाचू का?"

"वाच."

ती यांत्रिक बाई, तिचा आवाज कायम हसरा. गॅस संपत आला हे सांगतानाही तोच आवाज आणि उद्या ऊन किती पडेल हे सांगतानाही तोच.

"आदरणीय श्री. मोहिते. आपल्या दिवंगत पत्नी श्रीमती शालन यांनी भाग घेतलेली चाचणी यशस्वी झाली असून औषधाला मान्यता मिळाली आहे. त्यामुळे दोन्ही गटांची नावं आता नातेवाइकांनाही कळवण्यात येत आहेत. सहभागी क्रमांक एकतीस, म्हणजे आपल्या पत्नी, तुलना गटात होत्या. त्यांना औषध देण्यात आलेलं नव्हतं. त्यांच्या सहकार्याबद्दल केंद्र आभारी आहे. पुढील एका सहीसाठी आपण..."

"थांब. मागचं परत वाच."

"त्यांना औषध देण्यात आलेलं नव्हतं."

त्याने चार वेळा वाचायला लावलं. चारही वेळा बाईने ते त्याच हसऱ्या आवाजात वाचलं. शेंगदाणे करपले, घरभर वास झाला, तेव्हा त्याने गॅस बंद केला आणि कढई तशीच खाली ठेवली.

शालन गेली ते दुःख जुनं होतं. त्याच्याबरोबर उठायची, बसायची, जेवायची त्याला सवय लागली होती. पण निदान आपण तिच्यासाठी करायचं ते सगळं केलं, औषध मिळवून दिलं, तिचा अंगठा हलताना पाहिला, एवढं त्याच्या गाठीला होतं. ते आज गेलं.

हिंदुराव वीज कंपनीत लाइनमन होता. चौतीस वर्षं नोकरी केली. खांबावर माणूस चढायचा त्या काळातला तो. आता तारांचं काम ड्रोन करतात आणि माणसं खाली सावलीत गाडीत बसून पडद्यावर बघतात. हिंदुरावच्या वेळी खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनमधून परमिट घ्यावं लागे. ऑपरेटर लाइन बंद करायचा, वहीत वेळ लिहायचा आणि परमिट घेणाऱ्याचं नाव लिहायचा. काम झालं की त्याच माणसाने खाली उतरून ते परत करायचं. दुसऱ्या कुणी सांगून चालायचं नाही. मोठा साहेब आला आणि म्हणाला, झालंय काम, करा चालू, तरी ऑपरेटरने बटणाला हात लावायचा नाही. कारण वर अजून कोण तारेला लटकलेलं आहे हे परमिट घेणाऱ्यालाच ठाऊक असतं.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी शालनने हे सगळं त्याच्याकडून समजून घेतलं होतं आणि आपला एक नियम काढला होता. काम संपवून त्याने फोन करायचा आणि दोनच शब्द बोलायचे, "परमिट परत." तो फोन आल्याशिवाय ती तव्यावर भाकरी टाकत नसे. एकदा वादळात अठ्ठावीस खांब पडले होते. त्या दिवशी पीठ मळून ती दुपारी चारपर्यंत परातीशी बसून राहिली होती. "पीठ आंबलं," फोनवर ती एवढंच म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तिची पाठ मोडली ती त्याच्याच मोटारसायकलवरून पडून. माहेराहून परत येत होते. गावाबाहेर रस्त्यावर नवा गतिरोधक घातला होता, त्याला पांढरे पट्टेही मारलेले नव्हते. शालन एका बाजूने पाय सोडून बसली होती, मांडीवर भावाने दिलेला काकवीचा डबा. गाडी उडाली. पुढे जाऊन त्याने वळून पाहिलं तर ती रस्त्यावर उताणी पडलेली होती आणि काकवी डांबरावर पसरत चालली होती. "डबा बघा," ती म्हणाली. मग उठायला गेली आणि उठता आलं नाही.

कमरेखालचं सगळं गेलं. राहिली ती डाव्या पावलाची बाहेरची कड, करंगळीपासून घोट्यापर्यंत. तेवढ्या पट्टीला गार-गरम कळायचं. तो तिला रोज मोरीत खुर्चीवर बसवून अंघोळ घालायचा, तेव्हा पाणी आधी त्या कडेवर ओतायचा. "लई कढत हाय." "आज गार केलंय जरा." "आता बरं हाय." सहा वर्षं रोज सकाळी हेच बोलणं व्हायचं, पण तिला तेवढ्यासाठी अंघोळ आवडायची.

केंद्राची माहिती त्यानेच काढली. नदीपलीकडे नवी इमारत झाली होती, तिथे मज्जारज्जूवर संशोधन चालायचं. डॉक्टर नेत्रा ओगले चाळिशीच्या आतल्या होत्या. बोलायला साध्या, हातात कायम एक रिकामा कप.

"काका, मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातली मुख्य केबल," त्या म्हणाल्या. "तिच्या मधोमध केसाएवढी बारीक पोकळी असते. त्या पोकळीच्या भिंतीला काही पेशी असतात, मूळपेशी. जन्मभर झोपून असतात. पण पायातली एखादी नस दुखावली, तर रज्जूला धक्काही लागलेला नसताना या वर जाग्या होतात. खालून निरोप जातो. मग एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढायला लागतात."

"जाग्या हुत्यात तर मग दुरुस्ती का करत न्हाईत?"

"कारण काय व्हायचं ते त्यांना कळत नाही. बहुतेक सगळ्या नुसता भराव होऊन बसतात. भिंतीच्या भेगेत पुट्टी भरावी तसा. आमचं औषध त्यांना सांगतं, पुट्टी होऊ नका, तार व्हा, तारेवरचं वेष्टण व्हा."

हे हिंदुरावला चांगलं समजलं. शालनकडे बघून त्याने मान हलवली.

"मावशींची इजा जुनी आहे. पेशी परत गप्प झाल्यात," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "त्यांना उठवायला नवी हाक लागेल. त्यासाठी पोटरीच्या मागून जाणारी एक नस आम्ही मुद्दाम चिरडणार. डाव्या पायाची."

"बाहेरच्या कडंला जाती ती?" शालनने विचारलं.

"हो. कारण तेवढीच अजून वर निरोप पोचवते. बाकीच्या मुक्या झाल्यात."

मग त्यांनी गटांचं सांगितलं. साठ माणसं. नस सगळ्यांचीच चिरडायची. तिसांना औषध द्यायचं आणि तिसांना नुसतं मिठाचं पाणी. नाहीतर नुसत्या दुखापतीने काय होतं आणि औषधाने काय होतं हे वेगळं कळणार नाही. कोण कुठल्या गटात ते डॉक्टरांनाही माहीत नसतं.

"कुणाला तरी म्हाईत असणारच की," हिंदुराव म्हणाला. "वहीत लिवल्याबिगर काम हुतंय व्हय?"

"लिहिलेलं असतं, पण कुलपात. आणि एक वर्ष झालं की ज्यांना मिळालं नाही त्या सगळ्यांना औषध द्यायचं. हे कागदावर आहे, हे बघा."

त्या ओळीवर बोट ठेवून त्याने ती दोनदा वाचून घेतली होती.

घरी येताना शालन गाडीत डाव्या पायाकडे बघत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "तेवढीच एक कड हाय माझी."

"चालशील गं. मग कडंचं काय घिऊन बसलीस?"

"तुमास्नी मला चालवायचंय का त्या दिवसाचं मिटवायचंय?"

 ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं. जाऊ या."

ऑपरेशनला नेताना तिने त्याचा हात धरला. "माझं परमिट कुणी घेतलंय?"

"मी."

"मग परत बी तुमीच करायचं. दुसऱ्याच्या हाती द्यायचं न्हाई."

"व्हय," तो म्हणाला. बाजूची नर्स दोघांकडे बघत राहिली.

पंधरा दिवसांनी घरी पहिली अंघोळ झाली. त्याने एक तांब्या कडेवर ओतला. मग दुसरा. मग तिसरा, जरा जास्त गरम.

"घातलं का पाणी?" शालनने विचारलं.

पुढे रोज व्यायाम सुरू झाला. केंद्राची रुबिना आठवड्यातून तीनदा घरी यायची. मिरजेची मुलगी, बोलायला फटकळ. शालनशी तिचं चांगलं जमलं. "मावशी, आज नाटक नको, पाय माझा आहे असं समजून ढकला." "तुझा असता तर कवाच मोडला असता मी." नवव्या महिन्यात एका दुपारी रुबिना ओरडली म्हणून हिंदुराव बाहेरून धावत आला. डाव्या पायाचा अंगठा हलत होता. शालन दात आवळायची आणि तो गव्हाच्या दाण्याएवढा वर उठून खाली पडायचा.

हिंदुराव पेढे घेऊन जुन्या सबस्टेशनवर गेला. "औषध लागू पडलं," त्याने सगळ्यांना सांगितलं. वर्ष संपत आलं तेव्हा कागदावरच्या त्या ओळीची त्याला आठवणही राहिली नाही. औषध ज्यांना मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी ती ओळ होती. शालनला तर मिळालं होतं. अंगठा हलला होता.

सोळाव्या महिन्यात तिला ताप आला. लघवीच्या नळीतून जंतुसंसर्ग झाला, रक्तात गेला आणि चार दिवसांत ती गेली. त्या दुपारी डॉक्टर ओगलेंनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, मज्जारज्जूचा एक तुकडा तपासण्यासाठी ठेवला तर चालेल का. त्याने मान हलवली होती. तिच्या काय उपयोगाचा तो आता, असं तेव्हा वाटलं होतं.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो केंद्रात गेला. आतला चाकाच्या खुर्च्यांसाठीचा चढ उतरून रुबिनाच समोर आली. त्याला पाहून ती थांबली. तिला काही विचारायची गरज पडली नाही.

"काका, मला बाराव्या महिन्यात कळलं," ती म्हणाली. "मावशीच म्हणाल्या, सांगू नको."

"कुणाला सांगू नको?"

"तुम्हाला."

त्याला आधी वाटलं ही पोरगी स्वतःच्या बचावासाठी मेलेल्या बाईवर ढकलतेय. तो तिच्या बाजूने सरळ पुढे गेला.

डॉक्टर ओगले त्याला बघून उठून उभ्या राहिल्या. त्याने बसायच्या आधीच विचारलं, "वरसानं औषध द्यायचं लिवलं हुतं. का दिलं न्हाई?"

"काका, बसा. मी सगळं सांगते."

त्यांनी सांगितलं. अंगठा हलला तेव्हा केंद्रातले सगळे समजले की एकतीस नंबरला औषध मिळालेलं आहे. बाराव्या महिन्यात यादी उघडली, तर ती मिठाच्या पाण्याच्या गटात. म्हणजे नस चिरडल्याने पेशी जाग्या झाल्या होत्या आणि कुणी न सांगता स्वतःच काहीतरी करायला लागल्या होत्या. तीस जणांत असं तिचं एकटीचं झालं होतं. जगात कुठे कुणी असं पाहिलेलं नव्हतं.

 ऐकता ऐकता हिंदुरावला आपली चूक समजली. नव्या पोरांना तो हेच तर शिकवायचा. सबस्टेशनमधून लाइन बंद केली म्हणजे तार मेली असं समजू नका. हल्ली घरोघरी छपरावर सोलर आहे, कुणाच्यातरी छपरावरून उलटा करंट येतो आणि माणूस चिकटतो. दिवा लागला तर तो कुठल्या बाजूच्या करंटवर लागलाय ते आधी तपासा. दोन पोरं या उलट्या करंटने गेलेली त्याने स्वतः खाली उतरवली होती. आणि घरात दिवा लागला तेव्हा त्याने पेढे वाटले. कुठून लागला ते तपासलं नाही.

"मग ठेवलीत का तिला तशीच? बघायला?"

"आम्ही त्यांना विचारलं, काका. त्यांची परवानगी आहे. रेकॉर्ड केलेली आहे."

"दाखवा."

पडद्यावर त्यांच्याच घरातली खोली आली. शालन खुर्चीत, मागे कॅलेंडर. तारीख मंगळवारची. मंगळवारी तो बाजाराला जायचा. रुबिना बाजूला उभी होती आणि डॉक्टरांचा आवाज टॅबमधून येत होता.

"म्हंजे औषध न्हवतंच?" पडद्यावरची शालन म्हणाली. "मग ह्यो अंगठा हलवला कुणी?"

"तुमच्याच पेशींनी, बहुतेक."

शालन हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. आठ महिन्यांत त्याने ते हसणं ऐकलं नव्हतं. त्याने टेबलाची कड घट्ट धरली.

"आता नियमाप्रमाणे तुम्हाला औषध द्यायचं," डॉक्टरांचा आवाज. "पण दिलं तर पुढे जे होईल ते औषधाने की तुमच्या आपोआप, हे कधीच कळणार नाही. तुम्ही अजून सहा महिने थांबलात तर ते कळेल. तुमच्या इच्छेवर आहे."

"थांबल्यानं काय बिघडंल का?"

"काही बिघडणार नाही. सहा महिने उशीर होईल, एवढंच."

शालन पायाकडे बघत होती. बघत बघत तिने अंगठा हलवला. "औषधानं हलला असता तर औषधाचा. ह्यो माझा हाय. कुठवर जातुय ते बघू तरी." मग वर बघून म्हणाली, "ह्यास्नी सांगू नका. लगीच परमिट घिऊन हुबं राहत्याल. गुडघा उचलला का मी दावीन त्यास्नी."

रुबिना हसली. पडदा काळा झाला.

 हिंदुरावच्या डोक्यात यादी उघडल्यानंतरचे ते शेवटचे चार महिने फिरत होते. रोज संध्याकाळी तो तिच्या पायाला तेल चोळायचा आणि म्हणायचा, "औषधाचा गुण बघ." ती म्हणायची, "व्हय की." रोज. एकदाही तोंड वेडंवाकडं न करता. चौतीस वर्षं तो खाली उतरला की पहिला फोन तिला करायचा, आणि तिने वर चढून त्याला साधं कळवलंसुद्धा नव्हतं. हिच्यावर रागवावं तर ही समोर नाही. आणि ती हसली होती ते त्याला पुन्हा एकदा बघायचं होतं, त्याचाही त्याला राग आला.

"ज्यास्नी औषध मिळालं," तो म्हणाला, "त्यास्नी लघवीचं कळायला लागलं का?"

डॉक्टर म्हणाल्या, "बऱ्याच जणांना. तिसांपैकी अठरा."

"नळी निघाली त्यांची?"

"हो. पण मावशींची निघाली असती असं सांगता येणार नाही, काका. आणि निघाली असती तरी..."

"ते मी इचारलं न्हाई." तो खुर्चीत पुढे सरकला. "ती म्हणाली थांबल्यानं काय बिघडंल का, आन तुमी म्हणालात काही बिघडणार न्हाई. त्या येळंला दुसऱ्यांच्या नळ्या निघायला लागल्यात हे तुमाला म्हाईत हुतं का?"

"आकडे फक्त चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्या देखरेख समितीने पाहिले होते. अकराव्या महिन्यात. मला दाखवलेले नव्हते."

"म्हाईत हुतं का?"

"समितीने चाचणी पुढे चालू ठेवा म्हणून कळवलं होतं. त्यावरून अंदाज येतो. आणि पेशंट तर समोरच असतात, त्यांच्यातला फरक दिसतो..."

"मॅडम, व्हय का न्हाई?"

त्यांनी हातातला रिकामा कप टेबलावर ठेवला. "हो," त्या म्हणाल्या.

"तिला सांगितलं असतं तर थांबली असती का?"

"मला माहीत नाही."

"मला बी न्हाई," हिंदुराव म्हणाला. "इतकी वरसं एका घरात काढली, तरी मला सांगता येत न्हाई. तुमी ते तिला इचारायला जागाच ठेवली न्हाईत."

डॉक्टर रडल्या नाहीत याचं त्याला बरं वाटलं. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला आणि त्याच्यापुढे सरकवला. हीच ती पुढची सही. रज्जूचा तुकडा केंद्रात जपून ठेवला होता. पण गट उघड झाल्यावर नातेवाइकांनी दुसऱ्यांदा परवानगी दिल्याशिवाय तो कापून बघता येत नव्हता. मुदत नव्वद दिवस. त्यानंतर तो नष्ट करायचा असा नियम होता.

"तो बघितला की आठवड्यात कळेल," त्या म्हणाल्या. "पेशी कुठवर गेल्या, तार जोडली गेली होती का, की अंगठा नुसताच स्नायूच्या झटक्याने हलत होता. हे कळलं तर उद्या कदाचित औषधाशिवायही... काका, मावशींना बघायचं होतं ना, कुठवर जातंय ते? ते आता तिथेच दिसेल. दुसरीकडे कुठे नाही."

हे खरं होतं. म्हणूनच त्याला ते सहन होईना. फसवणारी माणसंसुद्धा कधीकधी खरं बोलतात आणि ते खरं आपल्याच उपयोगाचं निघतं. सही केली तर यांचं काम होणार होतं, नाही केली तर शालनचा अंगठा खोटा ठरून जाळला जाणार होता. स्नायूचा झटका, म्हणतील. आणि सोडून देतील.

त्याने पेन घेतलं. डॉक्टर ओगले बघत होत्या. मग त्याने सहीच्या जागी काही न लिहिता कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, रिपोर्ट लिहायच्या जुन्या सवयीने, एकाखाली एक तीन ओळी लिहिल्या.

औषध लागू पडतंय हे कळलं ती तारीख.
शालन मोहिते हिला थांबायला विचारलं ती तारीख.
विचारताना पहिली गोष्ट सांगितली की नाही.

खाली त्याने नावासाठी जागा सोडली.

"हे तुमच्या हातानं भरा," तो म्हणाला. "आन त्या गटातल्या बाकी एकोणतीस घरांस्नी पाठवा. मग मी फुडल्या बाजूला सही करतो."

"काका, हे मला केंद्र लिहू देणार नाही. वकील आहेत, कंपनी आहे. हे लिहिलं तर औषधाला मिळालेली मान्यतासुद्धा अडकेल. किती लोक वाट बघतायत त्या औषधाची, तुम्हीच सांगा."

"औषध चांगलंच हाय. त्याला मी कुठं नावं ठिवली?" तो उठला. "मी लाइनमन हाय मॅडम. ऑपरेटरनं वहीत येळ लिवली न्हाई तर मी खांबाला हात लावत न्हाई. मग खाली गाव अंधारात का असंना."

त्याने कागदाची एक प्रत काढून घेतली, ती घडी घालून खिशात ठेवली आणि निघाला. चढापाशी रुबिना उभी होती. ती काहीतरी बोलणार होती. त्याने हात वर करून तिला थांबवलं. पण चार पावलं गेल्यावर मागे वळून विचारलं, "शेवटी किती हलत हुता?"

"अंगठ्याच्या बाजूचं बोटपण हलायला लागलं होतं, काका," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात. मी मोजून ठेवलंय."

हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर रुबिनाचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा तिने सांगितलं, मॅडमनी लिहिलं होतं पण वरून परत आलं. दुसऱ्यांदा सांगितलं, मॅडमनी परत लिहायला घेतलंय. कधी पाठवतील ते तिला माहीत नव्हतं. हिंदुरावच्या लेकीचा नाशिकहून फोन आला, "आण्णा, करून टाका ना सही. आईला आवडलं असतं." तो म्हणाला, "आईला काय आवडलं असतं हे मला आता कुणी सांगू नका." मग म्हणाला, "जेवलीस का?"

कढई त्याने घासून ठेवली आहे, पण करपलेल्याचा डाग पूर्ण गेलेला नाही. केंद्रातून आणलेल्या प्रतीची घडी तिखटाच्या डब्याखाली आहे. अजून तो सकाळी अंघोळीचं पाणी काढतो तेव्हा पहिला तांब्या स्वतःच्या डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर ओततो.

नव्वदातले बावीस दिवस उरले आहेत. डॉक्टर ओगलेंचा कागद आलेला नाही. तुकडा केंद्रात आहे, तो कुणी उघडलेला नाही, आणि अंगठा कशाने हलला ते कळलेलं नाही. हिंदुरावची सही व्हायची आहे. शालनचं परमिट त्याच्या नावावर आहे आणि ते अजून परत झालेलं नाही.